वाचक विचारतात : तेलसम्राट जे. पॉल गेटी, त्याची तिजोरी आणि त्याचं घराणं

मागच्या अंकातल्या तेलकंपन्यांवरच्या लेखात जे. पॉल गेटीचा उल्लेख चार ओळींत आटोपला होता. १९५७ साली अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस ठरलेला, पाच लग्नं केलेला, नातवाच्या खंडणीत घासाघीस केलेला तेलवाला, एवढंच त्यात आलं. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांना त्याच्या कंजूषपणाचे किस्से हवे आहेत. किस्से आहेतच, पण या घराण्यात जे घडलं त्यातलं बरंचसं १९३४ सालच्या एका दस्तऐवजातून निघालेलं आहे. म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : गेटी शून्यातून वर आला असं वाचलं होतं. मग वडिलांचीही तेलकंपनी होती हे कसं? (नाशिक)

शून्यातून नाही. वडील जॉर्ज गेटी मिनिआपोलिसमध्ये विमा कंपनीचे वकील होते. १९०३ साली ते कामानिमित्त ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलला गेले आणि तेलाच्या धामधुमीत सापडले. ओसेज जमातीच्या प्रदेशातल्या ‘लॉट ५०’ या अकराशे एकरांच्या तुकड्याचा भाडेपट्टा त्यांनी ५०० डॉलरला घेतला. त्यावर तेल लागलं आणि मिनेसोटा-ओक्लाहोमा या दोन नावांचे तुकडे जोडून ‘मिनेहोमा’ कंपनी उभी राहिली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे शेताखालचं तेल सरकारचं असतं. अमेरिकेत ते बहुधा जमीनमालकाचं, आणि ओसेज प्रदेशात सगळ्या जमातीचं मिळून. पट्टा घेणारा जमीन विकत घेत नाही, फक्त खोदायचा हक्क घेतो आणि निघालेल्या तेलातला ठरलेला वाटा रॉयल्टी म्हणून देतो. त्यामुळे थोड्या भांडवलाचा माणूसही या धंद्यात शिरू शकत असे. खरा खर्च आणि खरा जुगार विहिरीचा.

पॉलचा जन्म १८९२ चा. ऑक्सफर्डचा डिप्लोमा घेऊन तो १९१४ मध्ये ओक्लाहोमात आला. बापलेकांचा करार असा : भांडवल वडिलांचं, पळापळ मुलाची, नफा ७०-३०. ‘नॅन्सी टेलर’ या तुकड्याच्या लिलावात त्याने एक युक्ती केली. बोली लावायला बँकेचा माणूस उभा केला. बाकीच्यांना वाटलं, मागे कुणी बडी कंपनी आहे, आणि ते गप्प बसले. पट्टा ५०० डॉलरला सुटला. १९१६ च्या आरंभी विहिरीला तेल लागलं, पॉलच्या वाट्याला सुमारे १२ हजार डॉलर आले आणि त्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो लक्षाधीश नव्हे, दशलक्षाधीश झाला.

वडील १९३० मध्ये गेले. मुलाचे घटस्फोट त्या धार्मिक माणसाला पसंत नव्हते. जवळपास एक कोटी डॉलरच्या मालमत्तेतून त्यांनी पॉलला फक्त ५ लाख ठेवले आणि बाकी बहुतेक सगळं पत्नी सारा हिच्या नावे केलं. कंपनीची सूत्रं म्हातारीकडे आणि कारभार मुलाकडे, अशी विचित्र स्थिती झाली.

प्रश्न : ‘सारा सी. गेटी ट्रस्ट’ म्हणजे नेमकं काय? मुलांना डावलता येतं का? (पुणे, कायद्याचा विद्यार्थी)

मंदीच्या काळात पॉलला इतर तेलकंपन्यांचे पडलेले शेअर उचलायचे होते. विहीर खोदण्यापेक्षा शेअर बाजारात तेल स्वस्त मिळतं, हा त्याचा हिशेब. १९३२ पासून तो टाइड वॉटर असोसिएटेड कंपनीचे शेअर दोन-अडीच डॉलरने घेत होता. आईला हा सट्टा वाटे. घरची कंपनी हातात हवी तर आईचा हिस्सा हवा, आणि आई तो मोकळा सोडायला तयार नाही. यातून डिसेंबर १९३४ मध्ये तडजोड झाली. दोघांनी मिळून एक ट्रस्ट केला. सुरुवातीचं भांडवल तीस-पस्तीस लाख डॉलर, विश्वस्त पॉल.

त्यातल्या तीन अटी महत्त्वाच्या. पहिली, ट्रस्ट कधीही रद्द करता येणार नाही. दुसरी, पॉलच्या हयातीत उत्पन्न मुख्यतः त्याला, नंतर मुलांना, आणि शेवटचा मुलगा गेल्यावर मूळ भांडवल नातवंडांना. तिसरी अट उधळ्या वारसांना वेसण घालणारी : लाभार्थ्याला आपला पुढचा हिस्सा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि त्याच्या सावकाराला त्यावर टाच आणता येत नाही.

या वेळी चार मुलगे होते. त्यातल्या रोनाल्डला वर्षाला फक्त ३ हजार डॉलर लिहिले गेले. कारण मुलाचं काहीच नव्हतं. त्याची आई जर्मन, आणि घटस्फोटाच्या वेळी तिच्या वडिलांनी गेटीकडून घसघशीत रक्कम वसूल केली होती. राग सासऱ्यावरचा आणि तो निघाला पाच वर्षांच्या पोरावर. ट्रस्ट रद्द न होणारा असल्याने ही ओळ कायमची. पुढे रोनाल्ड कोर्टात गेला, हरला. त्याच्या मुलांचा भांडवलावरचा हक्क मात्र शाबूत राहिला.

डावलण्याबद्दल विचारलंत तर, कॅलिफोर्नियात सज्ञान मुलांना मृत्युपत्राने पूर्ण वगळता येतं. आपल्याकडेही हिंदू कायद्यात स्वकष्टार्जित मालमत्तेचं तसंच आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मात्र जन्माने हक्क येतो, तो बापाला पुसता येत नाही.

आता या यंत्रातली खरी मेख. कंपनीने रोख लाभांश दिला तर ते ‘उत्पन्न’, म्हणजे लाभार्थ्यांच्या खिशात जाणार. बोनस शेअर दिले तर ते ‘भांडवल’, म्हणजे ट्रस्टमध्येच राहणार. गेटी वर्षानुवर्षं बोनस शेअर देत राहिला. त्याचा आयकर वाचला, ट्रस्ट फुगत गेला आणि मुलांच्या हाती रोकड आली नाही. १९६६ मध्ये चौथा मुलगा गॉर्डन याने याच मुद्द्यावर बापावर दावा लावला : बोनस शेअर हे उत्पन्न धरा. तो हरला. गंमत अशी, की हरला म्हणूनच पुढे त्याच्या हातात चारशे कोटी डॉलरचा ट्रस्ट आला.

प्रश्न : वाळवंटातल्या ‘तटस्थ प्रदेशा’तलं गेटीचं तेल हलक्या प्रतीचं होतं म्हणतात. मग त्यावर तो एवढा श्रीमंत कसा? (रसायनी, निवृत्त केमिकल इंजिनीअर)

प्रश्न नेमका आहे. सौदी अरबस्तान आणि कुवेत यांच्यामधला हा पट्टा १९२२ च्या उकैर करारातून तयार झाला. त्यातल्या संपत्तीवर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. कुवेतचा अर्धा हक्क १९४८ मध्ये अमिनॉइल या अमेरिकी गटाने घेतला, सौदीचा अर्धा १९४९ मध्ये गेटीने. भाव असा : ९५ लाख डॉलर हातात, तेल निघो न निघो वर्षाला १० लाख, आणि तेल निघालं तर बॅरलमागे ५५ सेंट रॉयल्टी. त्या काळी हा दर ऐकून मोठ्या कंपन्यांचे डोळे पांढरे झाले. वर्षाचे दहा लाख नुसत्या रॉयल्टीत भरून निघायला दिवसाला पाच हजार बॅरल तेल हवं, आणि इथे एक थेंबही नव्हता. विहिरी कोरड्या जात राहिल्या. १९५३ मध्ये वाफ्राला तेल लागलं तोवर त्याचे तीन कोटी डॉलर वाळूत गेले होते.

आणि लागलं ते जड, गंधकाने भरलेलं. अशा तेलाच्या अडचणी आपल्याला माहीतच असतील, इतर वाचकांसाठी सांगतो. साध्या ऊर्ध्वपातनात त्यातून पेट्रोल-डिझेल थोडंच उतरतं आणि तळाशी डांबरासारखा गाळ भरपूर उरतो. गंधकामुळे तापलेल्या नळ्या आणि मनोरे आतून खाल्ले जातात. तयार मालाला वास येतो. म्हणून बाजारात हे तेल जहाजाच्या आणि कारखान्याच्या भट्टीत जाळण्यापुरतं, तेही स्वस्तात जाई.

गेटीने तेल बदलता येत नाही तर रिफायनरी बदलली. ज्या टाइड वॉटरचे शेअर तो मंदीपासून घेत आला होता, तिने १९५७ मध्ये डेलावेअर सिटी इथे सुमारे २० कोटी डॉलर खर्चून नवी रिफायनरी सुरू केली, ती मुळातच जड आणि गंधकी तेलासाठी आखलेली. तिचं हृदय म्हणजे फ्लुइड कोकर. तळाचा गाळ तापलेल्या कोकच्या कणांच्या उसळत्या थरावर फवारायचा. उष्णतेने लांब रेणू तुटतात, हलका भाग वाफ होऊन वर जातो आणि नको असलेला कार्बन कोक म्हणून कणांवरच बसतो. त्यातला थोडा कोक जाळून पुढची उष्णता मिळवायची, उरलेला इंधन म्हणून विकायचा. हलक्या भागातलं गंधक हायड्रोजनने काढायचं आणि निघालेल्या वायूपासून घन गंधक करायचं. ते खत-आम्लवाल्यांना विकता येतं. कच्चा माल स्वस्त, तयार माल बाजारभावाचा, मधला फरक आपला.

तरी सगळं सुरळीत गेलं नाही. १९५९ मध्ये अमेरिकेने तेल आयातीवर कोटा बसवला आणि याच तेलाचा अमेरिकेचा रस्ता अरुंद झाला. गेटीला युरोप आणि जपानकडे वळावं लागलं. स्वतःचे टँकर आधीच बांधून ठेवल्याचा फायदा इथे झाला.

प्रश्न : पाच बायका, पाच मुलगे. कोण कुणाचं? (सोलापूर)

जीनेट डिमाँट (१९२३) हिचा जॉर्ज. अॅलीन अॅशबी (१९२६) हिला मूल नाही. अॅडॉल्फिन हेल्म्ले (१९२८) हिचा रोनाल्ड. अॅन रोर्क (१९३२) हिचे पॉल धाकटा आणि गॉर्डन. टेडी लिंच (१९३९) हिचा टिमथी. टिमथीला मेंदूत गाठ झाली आणि तो १९५८ मध्ये बारा वर्षांचा असताना न्यूयॉर्कमध्ये गेला. बाप युरोपातच राहिला, अंत्यविधीलाही आला नाही. सगळ्यांत कर्तबगार धरलेला, कंपनीचा वारस जॉर्ज जून १९७३ मध्ये गेला. गेटीबद्दल सगळं समजून घेतलं तरी टिमथीच्या बाबतीत त्याची बाजू घेता येत नाही.

प्रश्न : नातवाच्या खंडणीवर आयकराची सवलत घेतली हे खरं का? (कोल्हापूर)

पैसा त्याच हिशेबाने दिला गेला. धाकट्या पॉलचा मुलगा, सोळा वर्षांचा जॉन पॉल गेटी तिसरा, १० जुलै १९७३ ला पहाटे रोममध्ये पळवला गेला. मागणी १ कोटी ७० लाख डॉलरची. पहिले काही आठवडे वाया गेले, कारण पोरानेच बनाव रचला असावा असा पोलिसांना आणि घरच्यांनाही संशय होता. आजोबांचं म्हणणं असं, की एकासाठी पैसे मोजले तर बाकीची चौदा नातवंडंही पळवली जातील. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, पण पोरगा तोवर कॅलाब्रियाच्या डोंगरात साखळीने बांधलेला होता.

वडिलांकडे एवढी रोकड नव्हती आणि ट्रस्टमधला पुढचा हिस्सा गहाण टाकायचा मार्ग आजीच्या त्या तिसऱ्या अटीने बंद. शेवटी अपहरणकर्त्यांनी कापलेला कान रोमच्या एका दैनिकाकडे टपालाने धाडला. टपाल संपामुळे ते पाकीट सुमारे तीन आठवडे अडकलं आणि नोव्हेंबरात पोचलं. मग सौदा २९ लाखांच्या आसपास ठरला. आजोबांनी त्यातले २२ लाख दिले, म्हणजे करातून वजा करता येतील तेवढेच. उरलेले मुलाला ४ टक्के व्याजाने कर्जाऊ. नातू १५ डिसेंबरला, नेमका आजोबांच्या ८१व्या वाढदिवशी, दक्षिण इटलीत सुटला. नऊ जण पकडले गेले, शिक्षा दोघांना झाली, बहुतेक रक्कम परत मिळाली नाही. १९८१ मध्ये औषधं आणि दारूच्या अतिसेवनाने मुलाला पक्षाघात झाला. उरलेलं आयुष्य त्याने अंथरुणावर आणि चाकाच्या खुर्चीत काढलं. २०११ मध्ये तो गेला.

प्रश्न : पाहुण्यांसाठी नाण्याचा टेलिफोन खरंच बसवला होता? (ठाणे)

हो, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या सटन प्लेस या ट्यूडरकालीन वाड्यात. १९५९ मध्ये हा बहात्तर खोल्यांचा वाडा घेतला तेव्हा गवंडी, माळी, विक्रेते अशा शंभर जणांची ये-जा होती आणि त्यातले काही परदेशी फोन लावत. दुरुस्तीचं काम संपल्यावर फोन काढून टाकला. पण तोवर बातमी झाली होती, आणि अशी बातमी परत घेता येत नाही.

प्रश्न : एवढी मोठी गेटी ऑइल कंपनी आज का दिसत नाही? (छत्रपती संभाजीनगर)

बापाने उभं केलेलं मुलाने विकलं, पण त्यामागे साधी बेरीज आहे. गेटी ६ जून १९७६ ला गेला. मृत्युपत्र १९५८ चं, त्याला एकवीस पुरवण्या. ट्रस्टबाहेरची त्याची मालमत्ता, म्हणजे गेटी ऑइलचे सुमारे ४० लाख शेअर, मालिबूजवळच्या त्याच्या संग्रहालयाला गेले. आता कंपनीचे सुमारे ४० टक्के ट्रस्टकडे, सुमारे १२ टक्के संग्रहालयाकडे, बाकी जनतेकडे. १९८२ मध्ये ट्रस्टवरचा गॉर्डनचा सहविश्वस्त वारला आणि गॉर्डन एकटा विश्वस्त उरला. ४० आणि १२ म्हणजे ५२. संगीतकार म्हणून जगू पाहणारा हा माणूस संग्रहालयाशी हात मिळवून संचालक मंडळ उलथवू शकत होता.

मंडळ घाबरलं आणि त्याने चूक केली : पंधरा वर्षांच्या एका नातवाच्या नावाने, गॉर्डनवर सहविश्वस्त नेमा असा दावा पुढे करण्यामागे हात घातला. हे फुटल्यावर समेटाची वाट संपली.

जानेवारी १९८४ च्या पहिल्या आठवड्यात पेन्झॉइल या तेलकंपनीशी तत्त्वतः करार झाला, शेअरला ११० डॉलर आणि नंतर ५ डॉलर. सही-शिक्के व्हायच्या आत टेक्साको ही दुसरी तेलकंपनी १२५ डॉलर घेऊन आली, तो आकडा १२८ वर गेला, आणि कंपनी १,०१० कोटी डॉलरला टेक्साकोकडे गेली. पेन्झॉइल ह्यूस्टनच्या कोर्टात गेली. मुद्दा एवढाच, की हस्तांदोलन झालेला सौदा बंधनकारक की नाही. विकणाऱ्यांनी टेक्साकोकडून ‘पेन्झॉइलने दावा केला तर भरपाई तुमची’ असं आधीच लिहून घेतलं होतं, आणि तोच कागद ज्युरीसमोर टेक्साकोवर उलटला : आधीचा सौदा नव्हता तर ही हमी कशाला? नोव्हेंबर १९८५ मध्ये १,०५३ कोटी डॉलरचा निकाल लागला. टेक्साकोने १९८७ मध्ये दिवाळखोरीचं संरक्षण घेतलं आणि ३०० कोटींवर मिटवलं. ट्रस्टला विक्रीतून सुमारे ४०० कोटी आले, कर जाऊन ३०० उरले, आणि १९८५ मध्ये भाऊ-पुतण्यांच्या भांडणानंतर त्याचे चार शाखांसाठी चार ट्रस्ट झाले.

प्रश्न : वर्तमानपत्रातल्या फोटोखाली ‘गेटी इमेजेस’ असतं. ते आणि गेटी म्युझियम एकच का? मुलीकडे लॉस एंजेलिसला जाणार आहोत, तिकीट किती? (डोंबिवली)

एक नाही. ‘गेटी इमेजेस’ ही फोटोंचे हक्क विकणारी कंपनी १९९५ मध्ये नातू मार्क गेटी याने जोनाथन क्लाइनबरोबर सुरू केली. अपहरण झालेल्या मुलाचा हा धाकटा भाऊ. तिचा फोटो वापरायचा तर परवाना घ्यावा लागतो, खाली नाव छापून भागत नाही. संस्थेच्या स्मरणिकेत गूगलवरून उचललेला फोटो छापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

संग्रहालय हा वेगळा सार्वजनिक ट्रस्ट आहे. त्याच्या स्वतःच्या संग्रहातल्या, हक्क संपलेल्या ८८ हजारांहून अधिक कलावस्तूंची छायाचित्रं कुणालाही, व्यापारी कामासाठीसुद्धा, फुकट उतरवून घेता येतात. मृत्युपत्राचे खटले मिटून १९८२ मध्ये या संग्रहालयाच्या हाती सुमारे १२० कोटी डॉलर पडले आणि कायद्याने दर चार वर्षांपैकी तीन वर्षं निधीच्या ४.२५ टक्के खर्च करणं भाग होतं, म्हणजे वर्षाला पाच कोटी. पैसा संपवायचा कसा, ही अडचण असलेलं ते जगातलं बहुधा एकच संग्रहालय. पुढे मोजलेली किंमतही आहे : इटलीतून चोरून बाहेर काढलेल्या चाळीस प्राचीन वस्तू २००७ च्या करारानुसार परत कराव्या लागल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्राचीन शिल्पांच्या प्रदर्शनालाही याच गेटी ट्रस्टचं अर्थसाह्य होतं.

तिकीट नाही, संग्रहालयाच्या दोन्ही ठिकाणी, गेटी सेंटर आणि गेटी व्हिला इथे, प्रवेश मोफत. मात्र वेळ ठरवून आगाऊ नोंदणी करावी आणि गाडी लावायचे पैसे पडतात. डोंगरावरचं गेटी सेंटर सोमवारी बंद, समुद्राजवळच्या गेटी व्हिलाचे वार आधी पाहून घ्यावेत. सेंटरला वाहनतळावरून छोटी ट्राम वर नेते. व्हिला ही हर्क्युलेनियमच्या गाडल्या गेलेल्या रोमन वाड्याची प्रतिकृती, १९७४ मध्ये उघडलेली. गेटीने ती कधी पाहिली नाही. तो इंग्लंडहून परतलाच नाही, परतला तो दफनासाठी.

प्रश्न : या घराण्यात क्रिकेटवेडा कुणी होता असं ऐकलंय. (सातारा)

धाकटा पॉल. व्यसनांतून सावरायला लंडनच्या दवाखान्यात आणि घरात वर्षानुवर्षं पडून असताना त्याला क्रिकेट भेटलं, आणि तिथे रॉक गायक मिक जॅगरचा हात होता. त्याने वर्म्सली इथल्या आपल्या जमिनीवर मैदान बांधलं, लॉर्ड्सच्या माउंड स्टँडला पैसे दिले आणि १९९३ मध्ये ‘विस्डेन’ ही क्रिकेटची वार्षिकी काढणारी कंपनीच विकत घेतली. १९८५ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला ५ कोटी पौंड देणाराही हाच.